बाविसावा लॉट

सायबाई हे नाव तिला नळ्या धुणाऱ्या मावशींनी ठेवलं. "दिवसभर करते काय? तर नळीवरची साय काढते. मग सायबाईच की," असं मावशींचं सरळ म्हणणं. हळूहळू शिपायापासून विभागाच्या मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला तेच म्हणू लागले, आणि ज्या नावाने तिने पदव्या मिळवल्या होत्या ते फक्त दारावरच्या पाटीवर उरलं.

काम मात्र खरोखर सायीचंच होतं. चरबी पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त म्हणजे बरंचसं पाणी. म्हणून शरीर चरबीला प्रथिनांच्या वेष्टनात बांधतं आणि रक्तात सोडून देतं. या गाठोड्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. काही मोठी आणि हलकी, काही बारीक आणि जड. रक्तातला पिवळसर द्रव नळीत भरून यंत्रात अठरा तास गरगर फिरवला की हलकी गाठोडी वर येतात, जड खाली उतरतात आणि नळीत थरावर थर दिसू लागतात. ते थर एकेक करून काढायचे, मोजायचे. मधुमेह झालेल्या माणसाच्या नळीत वर दाट पांढरी साय धरते आणि खाली बारीक, जड गाठोड्यांचा पट्टा रुंद होतो. तो रुंद होत गेला की पुढे कधीतरी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. एवढं एक वाक्य नीट सिद्ध करण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती.

थोरल्या भावाला तिने हे एकदा जेवताना समजावलं. दादा पोस्टमन. त्याने घास हातात धरून विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे पाकिटंच की. मोठं पाकीट दाराच्या फटीत जात नाही. बारीक पाकीट सरळ आत सरकतं."

"अगदी तसंच. आणि एकदा सरकलं की बाहेर येत नाही."

"घरमालक गावाला गेला असणार," दादा म्हणाला, आणि वहिनी हसता हसता ठसकल्या.

तिने लग्न केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं होती, एक तिचं, एक दादा-वहिनींचं. जेवण तिकडे, झोप इकडे. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि तिची गरज आहे असं त्या मजल्यावर कुणाला कधी वाटलंही नव्हतं.

वडील गेले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्यांना साखर होती, वजन होतं, आणि एका दुपारी खुर्चीत पेपर वाचता वाचता ते गेले. पेपर मांडीवरून पडलासुद्धा नाही. त्यानंतर कुणी काही न बोलता घरात एक वाटणी झाली. ती वडिलांवर गेलेली: तेच गोल खांदे, तीच जाड मनगटं, तीच बसल्या जागी लागणारी डुलकी. दादा आईवर गेलेला: काडीपैलवान, पायाला भिंगरी, खाल्लेलं अंगाला न लागणारा. आई नव्वदीपर्यंत जगली. तेव्हा वडिलांचा रोग हा बहिणीच्या वाट्याला आणि आईचं आयुष्य भावाच्या वाट्याला, हे जणू कागदोपत्री ठरून गेलं. ती दर तीन महिन्यांनी स्वतःचं रक्त तपासायची. तिशी उलटल्यापासून गोळ्या घ्यायची. दादाची काळजी करणं म्हणजे माशाला पोहता येईल का असं विचारण्यासारखं होतं. रोज दहा-बारा किलोमीटर चालणारा माणूस!

म्हणूनच तो तिच्या प्रयोगशाळेचा 'कंट्रोल' झाला.

ही रीत तिथली. रोज सकाळी लोकांचे नमुने तपासण्याआधी यंत्रात एक असा नमुना घालायचा, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे. यंत्राने तेच उत्तर दिलं तर यंत्र शुद्धीवर आहे. वेगळं दिलं तर यंत्राचा कान पिळायचा, आकडा जुळेपर्यंत. या नमुन्यासाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते एकदम काढून, त्यातला द्रव शेकडो छोट्या कुप्यांत गोठवून ठेवतात. त्याला म्हणायचं एक लॉट. एक लॉट सहा महिने पुरतो.

नियमाप्रमाणे हे रक्त बऱ्याच माणसांचं एकत्र करायला हवं. सुरुवातीला पाच जण होतेही. एकाची बदली झाली, एकाला सुई पाहून घेरी यायला लागली, एकाला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, एक नुसताच येईनासा झाला. दादा उरला. त्याच्या रक्तातला द्रव असा नितळ होता की कुपीमागे वर्तमानपत्र धरून वाचावं. मोठे डॉक्टर म्हणाले, "असा माणूस हाताशी असताना त्यात भेसळ कशाला करायची?"

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी दादा उपाशीपोटी यायचा, खुर्चीत बसून बाही वर सारायचा.

"गाय दारात आलीये, मावशी. हाक मारा तुमच्या सायबाईला. म्हणावं काढ धार."

"गाय लाथा तर नाही ना मारायची?" मावशी विचारायच्या.

"चहा मिळाला तर नाही मारणार. चार चमचे साखर."

"दादा, चार?"

"अगं, मला काय होतंय!"

ती समोर फॉर्म घेऊन बसायची. तब्येत? ठणठणीत. काही औषधं? छे. मधुमेह? पहिल्या दोन-तीन वेळा तिने विचारलं. पुढे आधीचा फॉर्म शेजारी ठेवून ती उतरवून काढू लागली. जिथे दिवसभर साखरेशिवाय दुसरी गोष्ट नव्हती त्या जागी, अकरा वर्षांत, कुणीही दादाची साखर पाहिली नाही.

दर नव्या लॉटला एक बारीकसा घोळ व्हायचा. नवा लॉट जुन्यापेक्षा किंचित जास्त आकडा दाखवायचा. शंभराला तीन, कधी चार. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिने दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग कारण सापडलं: गोठवून ठेवलेल्या रक्तातली चरबी थोडी झडते, तेव्हा ताजं रक्त जास्त दाखवणारच. कारण खोटं नव्हतं. पुस्तकांतही ते होतं. तिने लॉटच्या वहीत लिहिलं, 'ताजेपणाचा फरक', आणि नवा लॉट जुन्याशी जुळेपर्यंत यंत्र तीन टक्के खाली आणलं. पुढच्या वेळीही तेच केलं. त्याच्या पुढच्याही. पुढे पुढे तर आकडा जास्त आला नाही तरच तिला आश्चर्य वाटलं असतं.

आणि त्या अकरा वर्षांत गावातल्या साडेतीनशे मधुमेही लोकांचा जो अभ्यास चालला होता, त्यातल्या प्रत्येकाची चरबी वर्षागणिक कमी होत गेली. मोठ्या डॉक्टरांनी त्यावर दोन निबंध छापले. आहार आणि व्यायामाच्या सल्ल्याचा परिणाम, असं त्यात म्हटलं होतं.

*

त्या वर्षी बाहेरच्या एका संस्थेने दहा सीलबंद कुप्या पाठवल्या. त्याच कुप्या निरनिराळ्या देशांतल्या पन्नास प्रयोगशाळांना गेल्या होत्या. सगळ्यांनी मोजायचं आणि उत्तरं ताडून पाहायची. महिन्याने निकाल आला. एकोणपन्नास प्रयोगशाळा एकमेकींना धरून होत्या. हिचा आकडा त्यांच्या निम्मा होता.

"प्रवासात गरम झाल्या असतील कुप्या," मोठे डॉक्टर म्हणाले.

"प्रवास सगळ्यांच्याच कुप्यांनी केलाय, सर."

"मग यंत्र बघ. म्हातारं झालंय ते."

तीन दिवस ती यंत्राच्या मागे लागली. वेग तपासला, तापमान तपासलं, थेंब मोजणाऱ्या नळ्या तपासल्या. यंत्राने कशालाच दाद दिली नाही, कारण त्याचं काही चुकलंच नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी तिने लॉटची वही काढली, आलेखाचा कागद घेतला आणि दर वेळची दुरुस्ती काढून टाकून मूळ आकड्याचा एकेक ठिपका देत गेली. पहिला लॉट, दुसरा, तिसरा. बाविसाव्या लॉटपर्यंत ठिपके जिना चढल्यासारखे वर गेले होते. शेवटचा पहिल्याच्या दुप्पट उंचीवर होता.

खरं सांगायचं तर आधी तिला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. एका माणसाचं रक्त अकरा वर्षं, दर सहा महिन्यांनी, निरोगी असल्यापासून बिघडेपर्यंत: असा आलेख तिने कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. तिने पेन्सिलीने ठिपके जोडलेसुद्धा. मग तिला आठवलं, की हे ठिपके रोज रात्री तिच्या समोर बसून जेवतात, आणि वाढणाऱ्या वहिनींना "पुरे, पुरे" म्हणत ताट मात्र पुढे करतात.

तिने गोठवलेल्या कुप्यांमधून प्रत्येक लॉटची राखून ठेवलेली एकेक काढली आणि आता पहिल्यांदाच साखर पाहिली. पहिले आठ लॉट ठीक. नवव्यापासून रेघ ओलांडलेली. बाविसावा, उपाशीपोटी, दोनशे सत्त्याऐंशी. म्हणजे साडेसहा वर्षं.

घड्याळात अकरा वाजले होते. या वेळी दादा कामावर. तिने अंगातला पांढरा कोटही न काढता पोस्ट गाठलं आणि तो कुठे असेल ते विचारून रस्ता धरला.

दादा सापडला तो एका बंद दुकानाच्या पायरीवर, मांडीवर पत्रांचा गठ्ठा घेऊन. लांबून वाटावं पत्रं लावतोय. जवळ जाऊन पाहिलं तर हात थांबलेले होते, आणि ओठ जरा निळसर.

तिला बघून तो दचकला. "तू इथं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. बसलायस का असा?"

"पत्रं लावतोय."

"दादा."

"अगं, चढ लागतो ना इथे. जरा टेकलो."

तिने रस्त्याकडे पाहिलं. रस्ता टेबलासारखा सपाट होता.

मग एकेक बाहेर पडलं. वर्षभरापूर्वी त्याने आपली गल्ली सहकाऱ्याशी बदलून घेतली होती. तिकडे चार-चार मजले होते, इकडे सगळ्या पेट्या खालीच. घरी बोलला नव्हता. वहिनी उगाच काळजी करतात.

"छातीत दुखतं?"

"दुखत बिखत नाही. भरून येतं. भरलेल्या पेटीत आणखी पत्रं कोंबल्यासारखं. पित्त असणार."

"तहान लागते? उठावं लागतं लघवीला?"

"वय झालं, उठावं लागणारच."

"आणि हे मला नाही सांगावंसं वाटलं?" तिचा आवाज चढला. समोरून जाणारी बाई वळून बघायला लागली. "घरात एक मेली डॉक्टर बसलीये, तिला नाही सांगावंसं वाटलं?"

दादाने गठ्ठ्याला रबर लावला. त्याला तिच्या रागावण्याचं नवल वाटलं असावं.

"तू वर्षातून दोनदा रक्त बघतेस माझं," तो म्हणाला. "काही असतं तर तूच सांगितलं असतंस ना?"

*

हृदयाचे डॉक्टर तरुण होते. विद्यार्थी असताना ते तिच्या व्याख्यानाला बसले होते, हे त्यांनी अदबीने सांगितलं आणि मग पडद्यावर दादाचं हृदय दाखवलं. तिन्ही मोठ्या रक्तवाहिन्या टोकापर्यंत अरुंद, झिजलेल्या वातीसारख्या. स्नायूचा तिसरा भाग हलतच नव्हता.

"दोन झटके येऊन गेलेत, मॅडम. साखरेमुळे कळ जाणवली नसणार. ऑपरेशन... तुम्हाला मी काय सांगू? शिवायला कापड चांगलं लागतं."

"औषधं?"

"देतो ना. सगळी देतो." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "पाच-सहा वर्षं आधी आले असते तर..." आणि त्यांनी चिठ्ठीवर तारीख घातली.

त्या चिठ्ठीवरचं प्रत्येक औषध तिला पाठ होतं. कुठलं कुठल्या गाठोड्याला धरतं, कुठलं किती टक्क्यांनी काय कमी करतं, कुठलं मेलेल्या स्नायूसाठी काहीच करत नाही, सगळं.

बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या, मांडीवर दादाचे कपडे घडी करून. तिने सगळं सांगितलं. लॉट, यंत्र, वही. काही लपवलं नाही. वहिनींनी अर्धं समजून घेतलं, पण नेमकं तेच अर्धं, जे समजायला हवं होतं.

"वन्सं, तुम्ही वर्षातून दोनदा त्यांचं रक्त काढत होतात."

"हो."

"आणि दर वेळी ते जास्त दाखवत होतं."

"हो."

"आणि तुम्ही यंत्र दुरुस्त केलंत."

तिने मान डोलावली.

"दिव्याखाली अंधार म्हणतात, मी म्हण म्हणूनच ऐकत होते इतके दिवस," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी दादाच्या सदऱ्याची घडी मोडली आणि पुन्हा पहिल्यासारखीच घातली. "जा, तुम्हीच सांगा त्यांना. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

दादा उशांना टेकून बसला होता. नाकात नळी, हाताला सुई.

"ही धार उलटी चाललीये बघ," तो सुईकडे बोट दाखवून म्हणाला. "आता मला पाजतायत."

तिने खुर्ची ओढली आणि सांगायला लागली. तो खाली मान घालून ऐकत होता. कुणी पत्र वाचून दाखवलं की तो असाच ऐकायचा.

"म्हणजे माझं वर जात होतं आणि तू यंत्र खाली आणत होतीस."

"हो."

"दर वेळी?"

"एकवीस वेळा."

"का गं पण?" त्यात राग नव्हता. त्याला खरोखरच कळून घ्यायचं होतं. तेच तिला सोसेना.

"मला वाटलं चूक यंत्राची आहे. तुझी असूच शकत नाही, असं वाटलं."

"मी आईवर गेलोय ना."

"हो."

तो हसला. हसताना दम लागला, म्हणून हसणं अर्धवट सोडलं. मग म्हणाला, "त्या बाकीच्या लोकांचं काय? त्यांना तुम्ही पत्रं पाठवता ना, तब्येत सुधारतेय म्हणून? माझ्या जुन्या गल्लीत चाळीसेक तरी असतील. मीच टाकलीत ती. एका म्हातारीने तर पत्र वाचून मला लाडू... नाही, बिस्किटं दिली होती. तिचंही खोटंच होतं का गं?"

"तिचंही."

"मग आधी तिला कळव. माझं काय, मी इथंच आहे."

*

कळवणं सोपं होतं. मोठ्या डॉक्टरांनी एक आठवडा आदळआपट केली, मग एके दिवशी दार लावून घेतलं आणि बाहेर आले ते निबंध मागे घेत असल्याचं पत्र हातात घेऊनच. साडेतीनशे लोकांना फेरतपासणीला बोलावलं. तिने राजीनामा लिहिला. डॉक्टरांनी तो खणात टाकला. "आता पळू नकोस," एवढंच म्हणाले. म्हातारी आली, पुन्हा बिस्किटं घेऊन आली, आणि सायबाईने स्वतः तिचं रक्त काढलं. कितीतरी जण वेळेत सापडले. काही नाही सापडले. ही मोजदाद तिने वहीत केली, आणि ती बरोबर होती.

घरी मात्र तिच्या हाताला काही लागेना. रोज सकाळी ती दादाच्या बोटाला सुई टोचायची, आकडा बघायची, औषधाची मात्रा ठरवायची. वहिनींनी डबे बदलले, साखर घरातून हद्दपार केली. चार महिन्यांत दादाचं रक्त सुधारलं. साखर जागेवर आली, साय गेली, बारीक गाठोड्यांचा पट्टा सुतासारखा झाला. बाहेरच्या प्रयोगशाळेतही तिने तपासून घेतलं. तिथेही तेच. सव्वीस वर्षांत तिने एवढं चांगलं उतरलेलं रक्त पाहिलं नव्हतं.

"कितीये आज?" दादा विचारायचा.

"छान आहे."

"खरंच छान, का यंत्र खाली केलंयस?"

"खरंच छान."

"मग पायाला सूज का गं?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, सविस्तर होतं, आणि ते ऐकवण्यात काही अर्थ नव्हता. ती त्याच्या पायाखाली आणखी एक उशी सारायची.

एका सकाळी दादाने हट्ट धरला की खाली जायचं. चार महिने जमीन पाहिली नाही म्हणाला. वहिनी नको म्हणाल्या. तिनेही नको म्हटलं. तो चपला घालून दारात उभाच. शेवटी ती त्याचा हात धरून निघाली. दहा पायऱ्या उतरायला त्याला दहा मिनिटं लागली. पहिल्या वळणावर तो भिंतीला हात लावून उभा राहिला आणि मग, जणू तेच ठरलं होतं अशा थाटात, पायरीवर बसला. ती शेजारी बसली. उतरून झालं तेवढं परत चढायचं होतं, हे दोघांनाही दिसत होतं.

त्याचा श्वास ती न मोजता मोजत होती. मिनिटाला बत्तीस.

खाली दरवाजा करकरला. दादाच्या जागी आलेला नवा पोस्टमन. जिन्याखाली पत्र्याच्या पेट्यांची रांग होती. झाकणं उघडल्या-मिटल्याचे आवाज यायला लागले. दादा मान कलती करून ऐकत होता.

"चुकला," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्या मजल्याचं दुसऱ्याच्या पेटीत टाकलं. दुसऱ्याचं झाकण सैल आहे, दोनदा वाजतं." तो उठायला गेला. गुडघ्यावर हात रोवून जोर लावला, अर्धा वर आला आणि परत बसला. कपाळावर घाम फुटला होता. "हाक मार त्याला. का तू जातेस? पटकन जा. त्यांचं महत्त्वाचं असलं तर?"

"जाते."

"जा ना मग."

खाली दरवाजा पुन्हा करकरला आणि बंद झाला. ती उठली नाही. दादाने तिचं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बोटं पांढरी पडली होती, आणि आपण ते धरलंय हे त्याला ठाऊक नव्हतं.